वाचकांचे प्रश्न : परदेशी विमान कंपन्या भारतात कुठे उतरतात, कोणाशी हात मिळवतात?

परदेशी विमान कंपन्यांच्या भारतातल्या विस्ताराबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक पत्रांमागे एकच समजूत दिसते, की जिथे प्रवासी आहेत तिथे विमान आपोआप येते. प्रत्यक्षात आधी हक्क लागतो, मग स्लॉट (विमानतळावर उतरायची-उडायची ठरवून दिलेली वेळ), मग योग्य आकाराचे विमान. प्रवाशाचा नंबर चौथा. पहिल्या तिघांपैकी जे हाती लागत नाही ते दुसऱ्याच्या विमानातून मिळवायचे, भागीदारी त्यासाठीच असते.

दुबईच्या विमानांची भाडी सणासुदीला भलतीच चढतात. एमिरेट्स आणखी विमाने सोडायला तयार आहे, असे वाचनात येते. मग अडते कुठे?
– वाचक, कोल्हापूर

करारात अडते. 1944 च्या शिकागो कराराने प्रत्येक देशाचा आपल्या आकाशावरचा पूर्ण हक्क मान्य केला. त्यामुळे वेळापत्रकाप्रमाणे चालणारी प्रवासी सेवा दोन सरकारांनी आपसात केलेल्या हवाई करारावर चालते. कोणत्या कंपन्या उडतील, कोणत्या शहरांत उतरतील आणि आठवड्याला किती, हे सगळे त्यात लिहिलेले असते. ‘किती’चे मोजमाप दोन प्रकारे होते. कुठे फेऱ्या मोजतात, कुठे आसने.

भारत-दुबई करार आसनांत मोजला जातो. प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे 66,000 आसने आहेत आणि 2014 नंतर त्यात भर पडलेली नाही. म्हणजे दिवसाला साधारण 9,400. साडेतीनशे आसनांचे विमान धरले तर रोजच्या सव्वीस-सत्तावीस फेऱ्यांत हा वाटा संपतो. एमिरेट्स भारतातल्या नऊ शहरांत येते आणि याच वाट्यातून फ्लायदुबईलाही द्यावे लागते. शिवाय मोजणी विमानातल्या आसनांची होते, विकल्या गेलेल्या तिकिटांची नाही. रिकामी सीटही खात्यात धरली जाते. म्हणून कंपनी कमी कमाईच्या शहरातून आसने काढून जास्त कमाईच्या शहराला देते. जिथे फेऱ्यांवर मर्यादा असते तिथे नेमके उलटे घडते. फेरी वाढवता येत नाही, म्हणून मोठे विमान आणले जाते.

सरकार आसने वाढवत का नाही? मुंबईहून दुबईला जाणाऱ्या विमानात दुबईला उतरून राहणारा प्रवासी असतो, तसाच तिथून लंडन, न्यूयॉर्क, टोरांटोला जाणाराही असतो. करार फक्त मुंबई-दुबई आसने मोजतो, प्रवासी पुढे कुठे गेला हे विचारत नाही. आपला युरोप-अमेरिकेचा प्रवासी आखाती हबने (विमान बदलून पुढे जायच्या मोठ्या विमानतळाने) पळवला, अशी भारतीय कंपन्यांची तक्रार असते. एअर इंडियाने फेब्रुवारी 2023 मध्ये 470 विमानांची मागणी नोंदवली आणि इंडिगोने लांब पल्ल्याच्या ए-350 विमानांची मागणी 2025 मध्ये 60 वर नेली. यांतली मोठी विमाने हाती येईपर्यंत दार किलकिलेच ठेवायचे, असा दिल्लीचा कल दिसतो. धोरण म्हणून ते समजण्यासारखे आहे. मात्र किंमत मोजतो तो आखातात नोकरीला जाणारा माणूस. त्याला दुबईच्या पुढे कुठेच जायचे नसते, तरी भाडे तोच जास्त भरतो.

2016 च्या नागरी विमान वाहतूक धोरणात सार्क देश आणि दिल्लीपासून 5,000 किलोमीटरच्या पलीकडे पूर्णपणे असलेले देश यांच्याशी परस्पर तत्त्वावर ‘खुले आकाश’ ठेवायचे ठरले. नकाशा समोर घेतला की खुबी कळते. दुबई, दोहा, सिंगापूर, इस्तंबूल ही मोठी हब सगळी त्या वर्तुळाच्या आत पडतात. आतल्या देशांशी आकडा वाढवायचा तर दर वेळी वाटाघाट करावी लागते. वाढ होतच नाही असे मात्र नाही. कुवेतचा कोटा जुलै 2025 मध्ये आठवड्याला 12,000 आसनांवरून 18,000 वर गेला.

नागपूरहून दोहाला थेट विमान आहे. पुणे एवढे मोठे आयटी आणि वाहन उद्योगाचे शहर, तरी युरोपला किंवा आखाती हबला परदेशी कंपनीचे विमान का नाही?
– वाचक, पुणे

इथे कारणे एकावर एक रचलेली आहेत, त्यामुळे एक दूर करून भागत नाही.

पहिले कारण धावपट्टी. लोहगावची धावपट्टी सुमारे 2,500 मीटरची आहे, नागपूरची सुमारे 3,200 मीटरची. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 590 मीटर उंचावर आहे. उंची आणि उन्हाळा एकत्र आले की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि तेच विमान उडवायला लांब धावपट्टी लागते. नऊ तासांचे इंधन, तीनशे प्रवासी आणि खाली माल घेतलेले मोठे विमान तिथून पूर्ण वजनाने निघू शकत नाही. मग प्रवासी कमी घ्या, नाहीतर माल सोडा. दोन्हींत नफ्याचा भागच जातो. लुफ्तान्झाने 2008 मध्ये पुणे-फ्रँकफर्ट सेवा सुरू केली ती फक्त बिझनेस क्लास आसनांच्या छोट्या विमानाने. ती काही वर्षे चालली आणि बंद पडली. छोट्या विमानात सगळा भार थोड्या महागड्या तिकिटांवर असतो. कंपन्यांनी प्रवासखर्चाला कात्री लावली की ताळेबंद लगेच डळमळतो.

दुसरे, हा हवाई दलाचा तळ आहे. धावपट्टीच्या वेळा, डागडुजी आणि नियंत्रण त्यांच्या सोयीने चालते.

तिसरे कारण कागदावरचे आहे आणि लोकांच्या ध्यानात सर्वांत कमी येते. परदेशी कंपनी भारतातल्या कोणत्या शहरांत उतरू शकते याची यादी प्रत्येक देशाच्या करारात वेगळी असते. सरकारी भाषेत त्याला ‘पॉइंट ऑफ कॉल’ म्हणतात. शहर यादीत नसेल तर धावपट्टी कितीही लांब असली तरी उपयोग नाही. याचे ठळक उदाहरण केरळमधले कन्नूर. डिसेंबर 2018 मध्ये सुरू झालेला नवा विमानतळ, धावपट्टी 3,050 मीटर, आसपासच्या जिल्ह्यांतली लाखभर कुटुंबे आखाताशी जोडलेली, आणि तरी परदेशी कंपन्यांना हा दर्जा मिळाला नाही म्हणून विमानतळाची ओरड वर्षानुवर्षे चालू राहिली. तिथून आखाताला भारतीय कंपन्या उडू शकतात, कारण त्यांना भारतातल्या कोणत्याही शहरातून निघायची मुभा असते. नव्या छोट्या शहरांचे हक्क परदेशी कंपन्यांना देण्यात केंद्र सरकारने गेल्या काही वर्षांत हात आखडता घेतला आहे.

म्हणून पुण्यासारख्या शहरापर्यंत पोहोचायचा परदेशी कंपनीचा व्यवहार्य मार्ग म्हणजे भारतीय भागीदाराच्या देशांतर्गत विमानावर आपला फ्लाइट क्रमांक लावून तिकीट विकणे. तो हक्कही करारात असावा लागतो, पण तो मिळवणे स्वतःचे विमान उतरवण्यापेक्षा खूप सोपे जाते.

तिकिटावर एका कंपनीचा फ्लाइट नंबर आणि प्रत्यक्ष विमान दुसऱ्याच कंपनीचे. हे कोडशेअर नेमके कसे चालते? गोंधळ झाला तर दाद कोणाकडे मागायची?
– वाचक, नाशिक

या विषयावर सर्वाधिक पत्रे आली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोडशेअरमध्ये दोन भूमिका असतात. तिकीट विकणारी कंपनी आणि विमान उडवणारी कंपनी. समजा एका युरोपीय कंपनीने पॅरिस-मुंबई-नागपूर असे तिकीट विकले. पॅरिस-मुंबई तिचे विमान, मुंबई-नागपूर इंडिगोचे, पण दुसऱ्या टप्प्यावरही युरोपीय कंपनीचाच क्रमांक छापलेला असतो. आसने देण्याच्या पद्धती तीन. ‘फ्री सेल’मध्ये विकणारी कंपनी उडवणाऱ्याच्या यंत्रणेत डोकावून शिल्लक असेल ते विकते. धोका सगळा उडवणाऱ्याचा. ‘हार्ड ब्लॉक’मध्ये ती ठरावीक आसने आधीच विकत घेते, खपली नाहीत तरी पैसे द्यावे लागतात. ‘सॉफ्ट ब्लॉक’मध्ये उरलेली आसने ठरलेल्या मुदतीपर्यंत परत करता येतात. देशांतर्गत जोडफेऱ्यांसाठी बहुधा फ्री सेलच असते.

खरी ओढाताण पैशांच्या वाटपावर होते. वरचे तिकीट 60,000 रुपयांना विकले असे धरू. पॅरिस-मुंबई सुमारे 7,000 किलोमीटर, मुंबई-नागपूर सुमारे 700. नुसत्या अंतराच्या प्रमाणात वाटणी केली तर नागपूरच्या टप्प्याला साधारण 5,450 रुपये येतात. तीच सीट भारतीय कंपनी काउंटरवर 7,000 ला विकू शकत असेल, तर ती परदेशी भागीदाराला का देईल? म्हणून दोघांत वेगळा वाटणी करार होतो आणि प्रत्येक भाडेवर्गाला ठरावीक रक्कम लावतात. दिवाळीच्या आठवड्यात युरोपीय कंपनीच्या संकेतस्थळावर नागपूर ‘उपलब्ध नाही’ दिसते आणि इंडिगोवर त्याच विमानात सीट दिसते, त्याचे कारण हेच. स्वस्त भाडेवर्ग भागीदारासाठी बंद केलेले असतात.

आता प्रवाशाने काय बघायचे ते सांगतो. तिकीट क्रमांक 13 आकडी असतो आणि पहिले तीन आकडे तिकीट कोणी काढले ते सांगतात. 098 म्हणजे एअर इंडिया, 176 एमिरेट्स, 220 लुफ्तान्झा, 618 सिंगापूर एअरलाइन्स, 157 कतार, 312 इंडिगो. बदल, परतावा, पुन्हा तिकीट काढणे ही कामे त्याच कंपनीची किंवा तिच्या एजंटची. फ्लाइट नंबरच्या खाली ‘ऑपरेटेड बाय’ अशी ओळ असते. चेक-इन, बोर्डिंग आणि त्या टप्प्याची सीट त्या कंपनीकडे. दोन्ही कंपन्यांचे पीएनआर वेगळे असतात. उडवणाऱ्या कंपनीचा पीएनआर आधी मागून घ्या, नाहीतर तिच्या ॲपवर बुकिंग सापडणार नाही आणि सीट निवडता येणार नाही.

सर्वांत जास्त त्रास वेळ बदलल्यावर होतो. उडवणाऱ्या कंपनीने फेरी दोन तास पुढे ढकलली. तिच्या यंत्रणेत बुकिंग नव्या वेळेवर सरकले, पण विकणाऱ्या कंपनीने तिकिटाचे कुपन (त्या टप्प्याची तिकिटातली नोंद) नव्या फेरीला जोडले नाही. प्रवासी काउंटरवर जातो, नाव दिसते, तिकीट दिसत नाही, बोर्डिंग पास निघत नाही. काउंटरवरच्या माणसाच्या हातात ते दुरुस्त करणे नसते, कारण तिकीट त्याच्या कंपनीचे नाही. म्हणून वेळ बदलल्याचा मेसेज आला की नुसते ‘मान्य’ दाबून थांबू नका. तिकीट काढणाऱ्याला फोन करून ‘तिकीट पुन्हा जारी झाले का’ हे विचारा आणि नवी पावती ईमेलवर मागवा.

बॅगेचा घोळ वेगळा. एकाच तिकिटावर आंतरराष्ट्रीय प्रवासाला जोडलेला देशांतर्गत टप्पा असेल तर साधारणपणे आंतरराष्ट्रीय टप्प्याचीच वजनमर्यादा चालते, देशांतर्गत 15 किलोची नव्हे. तिकिटाच्या पावतीवर प्रत्येक टप्प्यासमोर बॅगेचा आकडा छापलेला असतो, तो मोबाइलवर तयार ठेवा. परदेशातून येताना पहिल्या भारतीय विमानतळावर बॅग उतरवून कस्टममधून स्वतः न्यावी लागते आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यावी लागते, टॅगवर नागपूर छापलेले असले तरी. मुंबईत टर्मिनल दोनवर उतरून पुढचे विमान टर्मिनल एकवरून असेल तर बाहेर पडून रस्त्याने जायचे असते. यंत्रणा जी किमान जोडवेळ मान्य करते ती कागदी असते. आमच्या मते मुंबईत एकाच टर्मिनलवर तीन तास आणि टर्मिनल बदलायचे असेल तर चार तास धरावेत.

बॅग हरवली, फुटली, तर विमानतळ सोडण्याआधी शेवटचा टप्पा उडवणाऱ्या कंपनीच्या काउंटरवर लेखी अहवाल करून त्याची प्रत घ्या. भारत मॉन्ट्रियल कराराचा सदस्य आहे. त्यानुसार नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून 7 दिवसांत आणि उशिराची 21 दिवसांत करावी लागते. दावा विकणाऱ्या आणि उडवणाऱ्या, दोघांपैकी कोणावरही लावता येतो. ‘आमचे विमान नव्हते’ हे उत्तर म्हणून ऐकून घेऊ नका.

युरोपच्या भरपाईच्या नियमात मात्र विमान कोणी उडवले याला फार महत्त्व आहे. मुंबईहून युरोपला जाताना विमान युरोपीय कंपनीने उडवले असेल तर 3,500 किलोमीटरपेक्षा लांब प्रवासात मोठ्या विलंबाला 600 युरोपर्यंत भरपाई लागू होऊ शकते. तेच तिकीट, तोच युरोपीय क्रमांक, पण विमान भारतीय कंपनीचे असेल तर नाही. युरोपहून निघताना मात्र विमान कोणाचेही असो, नियम लागू असतो.

एवढ्या भानगडीपेक्षा परदेशी कंपनी भारतीय कंपनीत सरळ भांडवलच का घालत नाही?
– वाचक, सांगली

घातले आहे, आणि अनुभव संमिश्र आहे. सप्टेंबर 2012 मध्ये परदेशी विमान कंपन्यांना भारतीय विमान कंपनीत 49 टक्क्यांपर्यंत वाटा घ्यायला परवानगी मिळाली. मालकी आणि नियंत्रण मात्र भारतीयांच्या हाती राहिले पाहिजे, ही अट कायम आहे. तिला केवळ देशी अभिमान समजू नका. हवाई करारातले हक्क ‘त्या देशाच्या’ कंपनीला मिळतात. मालकी परदेशी झाली तर समोरचा देश ते हक्क नाकारू शकतो.

2013 मध्ये अबुधाबीच्या एतिहादने जेट एअरवेजचा 24 टक्के हिस्सा सुमारे 2,058 कोटी रुपयांना घेतला. त्याच सुमारास भारत-अबुधाबी कराराची मर्यादा आठवड्याला सुमारे 13,300 आसनांवरून टप्प्याटप्प्याने सुमारे 50,000 वर नेण्यात आली. हिस्सा आणि हक्क एकत्र वाचले की व्यवहाराचा खरा हेतू दिसतो. जेटने भारतभरातून प्रवासी गोळा करायचे, अबुधाबीला आणून सोडायचे आणि एतिहादने पुढे न्यायचे. योजनेत गोम ही होती की 24 टक्क्यांत जेटचे कर्ज आणि खर्च आवरायचा अधिकार मिळत नव्हता. कर्जाखाली दबलेल्या जेटचे शेवटचे विमान 17 एप्रिल 2019 रोजी उडाले. एतिहादचे पैसे बुडाले, पण अबुधाबीचे वाढलेले हक्क राहिले.

सिंगापूर एअरलाइन्सने वेगळी वाट धरली. टाटांबरोबर 51-49 अशी विस्तारा काढली, 9 जानेवारी 2015 रोजी उड्डाणे सुरू केली, आणि 12 नोव्हेंबर 2024 रोजी ती एअर इंडियात विलीन होताना स्वतःकडे 25.1 टक्के वाटा घेतला. आता तिला भारतातल्या मोठ्या कंपनीच्या संचालक मंडळात जागा आहे आणि तिच्या जाळ्यावर कोडशेअरही. त्याबरोबर एअर इंडियाच्या तोट्याचा हिस्साही तिच्या हिशेबात येतो. आमच्या दृष्टीने हा डाव जास्त शहाणपणाचा, पण अशी गुंतवणूक दहा-पंधरा वर्षे धीर धरू शकणाऱ्यालाच झेपते.

इंडिगो तर सगळ्यांशीच भागीदारी करते. आपल्या स्पर्धकांना प्रवासी देऊन तिला काय मिळते?
– वाचक, ठाणे

देशांतर्गत बाजाराचा 60 टक्क्यांहून जास्त हिस्सा तिच्याकडे आहे आणि ती विमान कंपन्यांच्या कोणत्याही जागतिक आघाडीत नाही. स्टार अलायन्समध्ये 2014 पासून एअर इंडिया आहे. मग स्काय टीम किंवा वनवर्ल्डमधल्या कंपनीला भारतातल्या आतल्या शहरांपर्यंत न्यायला इंडिगोशिवाय उरते कोण? 2018 मध्ये टर्किशपासून सुरुवात झाली आणि मग याच कारणाने कतार, एअर फ्रान्स-केएलएम, अमेरिकन, क्वांटास, ब्रिटिश एअरवेज अशी रांग लागली. स्वतःकडे लांब पल्ल्याची विमाने नव्हती तोवर इंडिगोला यात गमावण्यासारखे काही नव्हते. मोकळ्या सीटवर परकीय चलनातले प्रवासी मिळत होते.

आता चित्र बदलते आहे. नॉर्वेच्या नॉर्स अटलांटिककडून भाड्याने घेतलेल्या बोइंग 787 विमानांनी तिने जुलै 2025 मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅम सुरू केले. ज्या शहराला आपण स्वतः जातो तिथल्या भागीदाराला मुंबईचा प्रवासी किती द्यायचा, हा प्रश्न तेव्हापासून टेबलावर आला. ॲमस्टरडॅमच्या बाबतीत उत्तर सोपे आहे, कारण पुढच्या युरोप-अमेरिकेच्या जाळ्यासाठी केएलएम आणि डेल्टा तिला हवेतच. जून 2025 मध्ये दिल्लीत एअर फ्रान्स-केएलएम, डेल्टा आणि व्हर्जिन अटलांटिक यांच्याशी तिने जो सामंजस्य करार जाहीर केला, त्यामागे हाच हिशेब आहे.

भागीदारीतला राजकीय धोकाही तिनेच अनुभवला. तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतल्यावर टर्किशकडून भाड्याने घेतलेल्या दोन बोइंग 777 विमानांवर मे 2025 मध्ये गदा आली. डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने) भाडेकराराला आधी तीनच महिने मुदतवाढ दिली, पुढे ती पुन्हा वाढवली. मार्ग नफ्यात असूनही तो कधी थांबेल हे सरकार ठरवते, अशा विमानावर हिवाळ्याची तिकिटे किती आधी विकायची, हे ठरवणे सोपे नसते.

व्यवस्थापन अभ्यासक्रमासाठी प्रकल्प करते आहे. परदेशी कंपनी भारतातला नवा मार्ग परवडेल की नाही, हे कसे मोजते?
– विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

आकडे समजुतीपुरते घ्या. 300 आसनांचे विमान रोज एक फेरी. 80 टक्के भरले तर एका दिशेने रोज 240 प्रवासी. बुकिंगच्या आकडेवारीवरून त्या दोन शहरांतच ये-जा करणारे समजा 90 निघाले. उरलेले 150 हबवरून पुढे जाणारे हवेत. ते एका गठ्ठ्याने मिळत नाहीत. पुढच्या चाळीसेक शहरांना तीन-चार, तीन-चार असे जमतात. म्हणून विमान हबला कोणत्या वेळी पोहोचते यावर सगळे अवलंबून असते. सकाळच्या सुटणाऱ्या विमानांच्या लाटेआधी पोहोचले तर चाळीस शहरे मिळतात. दीड तास उशिरा पोहोचले तर पंधरा.

इथे मुंबईचा स्लॉट आडवा येतो. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते, आणि ताशी 46 च्या आसपास विमाने ये-जा करतात. हवी ती वेळ मिळाली नाही तर 150 चे 60 होऊ शकतात आणि तोच मार्ग तोट्यात जातो.

मग विमानाचा वेळ मोजा. फ्रँकफर्टहून मुंबईला सुमारे आठ तास, परतीला नऊ, दोन्हीकडे दोन-दोन तास जमिनीवर. 21 तास झाले, म्हणजे रोजच्या फेरीला एक विमान पुरते. हवाई मार्ग लांबून फेरी 24 तासांच्या पुढे गेली की दुसरे विमान लागते आणि खर्चाचे गणित उडी मारते. दुबईचे विमान तेवढ्याच वेळात दोन फेऱ्या करते.

शेवटी भारतीय बाजाराचे दोन स्वभाव धरा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विद्यार्थी जातात तेव्हा जाणारे विमान ओसंडते आणि येणारे अर्धे रिकामे असते. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उलटे. वर्षाच्या सरासरीवर विसंबलात तर फसाल, दिशा आणि महिना वेगळे मांडा. आणि पोटातला माल विसरू नका. मोठ्या विमानात प्रवाशांच्या बॅगा वगळून दहा-पंधरा टन माल जातो. औषधे, कपडे, हंगामात फळे. कमी भाड्याच्या मार्गावर तो नफा-तोट्याची बाजू पालटवू शकतो.

युरोपची विमाने पहाटे दोन-तीनलाच का सुटतात? प्रवाशांची सोय कोणीच बघत नाही का?
– वाचक, सातारा

बघतात, पण हबवरची. विमान दुपारी फ्रँकफर्टहून निघते, मध्यरात्रीच्या सुमारास मुंबईत उतरते, दोन-तीन तासांत परत फिरते आणि सकाळी तिथे पोहोचून अमेरिकेच्या विमानांना प्रवासी देते. फ्रँकफर्टला रात्री 11 ते पहाटे 5 उड्डाणबंदी असते, म्हणून मुंबईहून संध्याकाळी सोडणेही जमत नाही.

पाकिस्तानने आकाश बंद केल्याचा फायदा परदेशी कंपन्यांना झाला का?
– वाचक, अमरावती

झाला. 24 एप्रिल 2025 पासूनची बंदी भारतीय कंपन्यांच्या मालकीच्या आणि भाड्याच्या विमानांवर होती, युरोपीय किंवा आखाती कंपन्यांवर नव्हती. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय विमानांना वळसा पडला, इंधन वाढले, काहींना वाटेत थांबावे लागले. एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन सेवा 1 सप्टेंबर 2025 पासून थांबवली. तिने दिलेल्या कारणांत 787 विमानांचे नूतनीकरण आणि हे बंद आकाश, दोन्ही होते. मुंबईहून आखातावरून जाणाऱ्या मार्गांना झळ बरीच कमी बसली.

नवा मार्ग जाहीर होतो, तिकिटे विकली जातात आणि मग सेवा सुरूच होत नाही. आधी ओळखता येते का?
– वाचक, रत्नागिरी

बऱ्याच अंशी. घोषणेत ‘सरकारी मंजुरीच्या अधीन’ असे असेल तर हक्क किंवा स्लॉट अजून हातात नाही असे समजा. विमान वाहतुकीचे हंगाम दोन. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होते, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. स्लॉट वाटपाच्या परिषदा त्याआधी काही महिने, नोव्हेंबर आणि जूनमध्ये होतात. नवी सेवा या तारखांच्या आसपास सुरू होणार असेल तर ती नियोजनातून आलेली असते. हंगामाच्या मध्येच, आठवड्यातून दोन-तीन फेऱ्यांनी आणि भाड्याच्या विमानाने सुरू होणारी सेवा कच्ची समजावी. अशा मार्गाचे तिकीट काढायचे असेल तर परतावा मिळणारा भाडेवर्ग घ्या आणि पुढचा देशांतर्गत टप्पा त्याच तिकिटावर ठेवा. वेगळा काढलात तर मुख्य विमान रद्द झाल्यावर त्याचे पैसे कोणी देत नाही.